देशोदेशींचा लोकव्यवहार : टिकणारा माणूस

आपल्याकडील एकत्र कुटुंबांत पोरक्या झालेल्या भाचराचा सांभाळ कोणीं करावयाचा, हा प्रश्न बहुधा ओसरीवरच सुटतो. आजी, काकू अथवा मोठी वहिनी त्यास जवळ घेते आणि पुढें वर्षानुवर्षें तोच हात त्याच्या पाठीवर राहतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जेथें घरचें माणूस अपुरें पडतें, तेथें हें कार्य सरकारी कचेरीकडे जातें. त्या कचेरीचा कारभार कसा चालतो व कोठें अडतो, हें वाचकांनीं पाहण्यासारखें आहे; कारण ती अडचण शेवटीं ओसरीवरच्या त्या हातापाशींच येऊन पोंचते.

काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा, पण बहुधा त्याहून लहान विभाग. सबंध देशांत असे तीन हजारांहून अधिक विभाग आहेत. १४ ऑगस्ट १९३५ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं सामाजिक सुरक्षिततेच्या कायद्यावर सही केली आणि निराधार मुलांच्या व वृद्धांच्या साहाय्यास मध्यवर्ती सरकारचा पैसा नियमानें मिळूं लागला. प्रत्यक्ष कारभार बहुतेक राज्यें स्वतः पाहतात. परंतु ५८ काउंट्यांचें कॅलिफोर्निया, ८७ काउंट्यांचें मिनेसोटा, ८८ काउंट्यांचें ओहायो अशा कांहीं राज्यांत तो काउंटीकडे सोंपविलेला आहे. अन्नसाहाय्य, गरिबांचे औषधोपचार, छळ होणाऱ्या मुलांचें रक्षण, असहाय वृद्धांची काळजी, अशीं नाना कामें तिच्याकडे येतात.

कायद्यानें मुदती घालून दिल्या आहेत. अन्नसाहाय्याच्या अर्जाचा निकाल ३० दिवसांत, अगदींच निष्कांचन अर्जदारास ७ दिवसांत मदत. औषधोपचारांच्या अर्जाचा निकाल साधारणतः ४५ दिवसांत. पण मुदत लिहून ठेविल्यानें अर्ज वाचला जात नाहीं; तो वाचावयास माणूस लागतो. महामारीच्या काळांत, मार्च २०२० पासून मार्च २०२३ अखेरपर्यंत, औषधोपचार योजनेंतून सहसा कोणास वगळूं नये, अशी अट होती. ती उठतांच कोट्यवधि लोकांची फेरतपासणी या कचेऱ्यांवर कोसळली. २०२४ सालीं मोजदाद झाली, तेव्हां अडीच कोटींवर नांवें कमी झालेलीं होतीं. आणि त्यांतील शेंकडा सत्तरांच्या जवळपास नांवें अपात्र ठरलीं म्हणून नव्हे, तर कागद वेळेवर न पोंचण्यासारख्या कारणांनीं गेलीं.

तथापि अर्ज एकानें घेतला व दुसऱ्यानें निकालांत काढला, तरी शिधा तोच मिळतो. मुलांचें तसें नाहीं. आईबापांपासून काढून परक्या कुटुंबांत ठेविलेल्या प्रत्येक मुलासाठीं एक समाजसेवक नेमिलेला असतो. मुलास स्वगृहीं धाडावें कीं दत्तक द्यावें, याविषयीं न्यायाधीश त्याच्याच शब्दावर बरेंचसें विसंबतो. एका सेवकाकडे १२ ते १५ मुलें असावींत, असें तेथील बालकल्याण संघाचें मत. अमेरिकन विधिमंडळाच्या हिशेबतपासणी कचेरीनें २००३ सालीं काढलेल्या अहवालांत मात्र कोठें १०, तर कोठें ११० मुलें एकेकाकडे असल्याचें नमूद आहे. दरवर्षीं शेंकडा ३० ते ४० सेवक काम सोडतात व सरासरीनें दोन वर्षेंही टिकत नाहींत, असा अंदाजही त्यांत दिला आहे. वेतन थोडें, कागदांचें ओझें फार, वरिष्ठांचा आधार अपुरा, आणि संतापलेल्या घरांत शिरतांना जिवाची धास्ती, हीं त्याचीं कारणें. जाणाऱ्याचीं मुलें मागें उरलेल्यांत वाटलीं जातात. त्यांचा भार वाढतो आणि मग तेही वाट धरतात.

याचा परिणाम मिल्वॉकी काउंटींत मोजला गेला. तेथें हें काम १९९८ पासून राज्य सरकारनें आपल्या हातीं घेतलें होतें व मुलांची नेहमींची देखरेख खाजगी संस्थांवर सोंपविली होती. २००५ सालच्या पाहणींत असें आढळलें कीं, जीं मुलें कायमच्या घरीं पोंचलीं, त्यांपैकीं शेंकडा ७४.५ मुलांस आरंभापासून एकच सेवक लाभला होता. दोन सेवक झालेलीं १७.५, सहा-सात झालेलीं जवळजवळ नाहींतच. ज्याचें प्रकरण लांबतें त्यास सेवकही अधिक भेटणारच, हें खरें; तेव्हां सगळा दोष बदलीच्या माथीं मारतां येणार नाहीं. तरी नवा माणूस आला कीं विश्वास पुन्हां पहिल्यापासून जोडावा लागतो, आणि मुलाचें वय तोंवर थांबून राहत नाहीं.

या विद्येशीं मुंबईचें नातें जुनें आहे. १९३६ सालीं सर दोराबजी टाटा यांच्या नांवानें समाजकार्याची शाळा तेथें निघाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. तिचे पहिले संचालक डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकेहून आलेले मिशनरी. दयेसही शिक्षण व पोटापुरतें वेतन लागतें, ही गोष्ट त्या काळींच ओळखली गेली होती. आपल्या घरांतील एखादी मुलगी वा मुलगा हें काम पत्करूं म्हणेल, तर वडीलधाऱ्यांनीं त्यास फावल्या वेळचा उद्योग समजूं नये. आणि एखाद्या अनाथाश्रमास देणगी देतांना इमारत किती मजली, हें विचारण्यापूर्वीं मुलांस जेवूं घालणारी बाई तेथें किती वर्षें आहे, एवढें अवश्य विचारावें.