सातबाऱ्यावर नसलेली नदी

सरदार सरोवर यंदा किती भरले, ही बातमी दर पावसाळ्यात येते. २०१९ च्या सप्टेंबरात ते प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीस पोहोचले, तेव्हा गुजरातेत उत्सव झाला. मात्र याच जलाशयात नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे पूर्णतः वा अंशतः गेली, याची आठवण कोणी फारशी काढत नाही. मणिबेली, डोमखेडी, निमगव्हाण ही त्यांपैकी काही.

आपल्यापैकी बहुतेकांना नर्मदा ठाऊक आहे ती परिक्रमेमुळे. काठच्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांना ती देवी होतीच, पण त्याआधी ती त्यांचे कोठार होती. पूर ओसरला की काठावर गाळ राही आणि त्यात भाजीपाला, कलिंगडे होत. डोहात मासे मिळत. वर सातपुड्याच्या उतारावर ज्वारी, मका. जंगलात चारोळी, डिंक, तेंदूपाने. चैत्रात पहाटेच मोहाची फुले वेचायला लहानथोर निघत. घरे कुडाची, ज्याच्या त्याच्या शेतात, एकमेकांपासून लांब लांब. पण एखाद्याचे घर बांधायचे असले की सारा पाडा राबे. मजुरी नाही, फक्त जेवण. होळी गावोगाव वेगवेगळ्या दिवशी, कारण एकमेकांच्या होळीला जाता आले पाहिजे! पलीकडचा काठ परराज्यातला; तरी सोयरीक होडीतून जुळत असे.

यातले सरकारी दप्तरात किती आले? १९७९ च्या नर्मदा लवादाने विस्थापित खातेदार कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन ठरवून दिली, सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब मानले. तरतूद उदार होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या कसलेली कितीतरी जमीन वनखात्याच्या नावावर. तिचा कसणारा कागदावर ‘अतिक्रमणदार’. मोह, डोह आणि गाळाची वाडी यांना तर सातबाराच नव्हता. जे कधी मोजलेच नाही, त्याची भरपाई मागायची तरी कशाच्या आधारे?

तळोदा तालुक्यात विस्थापितांच्या वसाहती झाल्या. एकीचे नाव रेवानगर, दुसरीचे नर्मदानगर. दोन्ही तापीच्या खोऱ्यात आहेत. आपणही गाव सोडून सातासमुद्रापार आलो. पण सुटीत परत जायला ते जागेवर असते.

जे डोंगरउतारावरच राहिले, त्यांच्या दारात आता साचलेले पाणी आहे. महाशीरसारख्या माशाला विणीसाठी वाहते, खडकाळ पाणी लागते; ते गेले. तरी जलाशयात दुसरे मासे आहेत आणि काठच्या आदिवासींनी मच्छीमार सहकारी संस्थाही काढल्या आहेत. मासेमारीचा पहिला हक्क त्यांचाच असावा, तो ठेकेदाराकडे जाऊ नये, आणि आजाऱ्याला दवाखान्यात नेणारी होडी पाड्यापर्यंत वेळेवर यावी, एवढे तरी महाराष्ट्र शासनाने पाहावे. या धरणाच्या विजेतील २७ टक्के वाटा लवादाने महाराष्ट्राला दिलेला आहे.