साहेबांच्या हातात उरतं काय?

उकणी, जुनाड, कोलारपिंपरी, घोन्सा. वणी तालुक्यातली ही नावं घेतली की डोळ्यांपुढे कोळशाचे डंपर येतात, व्यवस्थापनाची पुस्तकं नाही. पण त्यातलं एक मूळ पुस्तक खाणवाल्यानंच लिहिलंय. आँरी फेयोल १८६० साली फ्रान्समधल्या कोमंत्रीच्या कोळसा खाणीत अभियंता म्हणून लागला, पुढे कंपनीचा प्रमुख झाला आणि १९१६ साली त्यानं आपली चौदा तत्त्वं मांडली. एका माणसाला एकच साहेब, हुकूम वरून खाली. वणीच्या खाणी चालवणाऱ्या वेस्टर्न कोलफील्ड्सची कागदपत्रं आजही याच वाटेनं चालतात.

खाणीत ही उतरंड लागतेच. पाळीवर सुरक्षा पाहणाऱ्या मायनिंग सरदारानं जागा धोक्याची ठरवली की माणसं तिथून हलवायची. तिथे मतं मागत बसायचं नसतं. माझं भांडण त्या शिस्तीशी नाही. रजा, पाळीबदल, क्वार्टर यांनाही तीच शिस्त लावली जाते, तिथे मी अडतो.

मजुरी तर वणीत ठरतच नाही. ती ‘जेबीसीसीआय’ या कोळसा उद्योगाच्या संयुक्त वेतन समितीच्या टेबलावर ठरते. अकराव्या वेतन कराराची मुदत १ जुलै २०२१ पासूनची, सह्या झाल्या २० मे २०२३ ला, वाढ १९ टक्के. मग इथल्या साहेबाच्या हातात उरतं काय? वागणूक. नेमकी तीच त्यानं कामगार संघटनेच्या कार्यालयाकडे सोपवून टाकलीय. अर्ज हजेरी-रजा पाहणाऱ्या टाइम ऑफिसात अडकला की कामगार साहेबाकडे नाही, आयटक किंवा बीएमएसच्या भाऊकडे जातो. भाऊ आधी चहा सांगतो, मग घरचं विचारतो. एल्टन मेयोनं अमेरिकेतल्या हॉथॉर्न कारखान्यातल्या प्रयोगांवरून जे सांगितलं, की कामगाराकडे कुणी लक्ष दिलं की तो मनापासून काम करतो, ते भाऊला न वाचता येतं. नंतर साहेबच म्हणतात, युनियन फार डोक्यावर बसली!

वागणुकीसारखाच कामाच्या वाटणीचाही प्रश्न आहे. १९५१ साली एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांनी ब्रिटनच्या खाणींवर लिहिलं. बॅमफर्थ स्वतः अठरा वर्षं खाणीत राबलेला. पूर्वी कोळसा फोडण्यापासून भरण्यापर्यंतचं काम एकच छोटी टोळी करायची. यंत्रं आली, कामाचे तुकडे पडले, तीन पाळ्यांत वाटले गेले. मग प्रत्येक पाळी मागच्या पाळीवर खापर फोडू लागली आणि गैरहजेरी वाढली. वणीत गैरहजेरीवर चार्जशीट देण्याआधी हे दोन-चार साहेबांनी वाचावं.

संघटनेचीही एक गोष्ट मला खटकते. तिचा भाऊ कंपनीच्या मस्टरवरच्या माणसाचा. कोळशावरची माती, म्हणजे ओबी, काढणाऱ्या ठेकेदाराचा डंपरचालक त्याच खड्ड्यात, त्याच धुळीत राबतो, पण अकराव्या करारात तो बसत नाही. त्याच्या रजेचा अर्ज टाइम ऑफिसात अडकत नाही, कारण तिथवर तो पोचतच नाही.