टाकीसोबत स्टँड ‘फ्री’ देणं बंद करा!



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण पाच फुटी रीफ टँकचं लाकडी स्टँड बनताना पाहिलं. शेवटी मी किंमत सांगितली, ४६ हजार रुपये. मला माहितीये, तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या मनात एकच प्रश्न आला असणार. "दादा, एका स्टँडचे ४६ हजार? आमच्याकडे तर टाकी घेतली की स्टँड फ्री देतात!"

बरोबर आहे. मीही द्यायचो. आणि आजचा लेख मी त्यासाठीच लिहितोय, कारण व्हिडिओत ही गोष्ट सांगायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर कॅमेऱ्यासमोर सांगायची हिंमतही झाली नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्या गोष्टीवर कस्टमरचा सगळा माल उभा आहे, ती गोष्ट फुकट देऊ नका. फुकट दिली की आपण तिच्यावर खर्च करायला कचरतो, आणि तिथेच धंदा खचतो.

आधी वजन समजून घ्या

पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी. काठोकाठ भरली तर साधारण ५६५ लिटर. काचेची जाडी आणि वर सोडलेली जागा वजा केली तरी ५०० लिटर पाणी धरा. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा थोडं जड असतं, लिटरला सुमारे १.०२५ किलो. म्हणजे नुसतं पाणीच ५१० किलोंच्या वर गेलं. १२ मिलिमीटर काच वापरली तर रिकामी टाकी शंभरेक किलो. दगड आणि वाळू मिळून आणखी साठ-सत्तर. खाली सम्प, म्हणजे फिल्टरची दुसरी टाकी, त्यात शंभर लिटर पाणी. स्टँडचं स्वतःचं वजन वेगळं.

बेरीज करा. साडेआठशे ते नऊशे किलो! एखादी छोटी कार तुम्ही कस्टमरच्या हॉलमध्ये उभी करताय, तीसुद्धा दहा चौरस फुटांत.

आता दुसरा आकडा. आपल्याकडे इमारतींचे भार ठरवणारं भारतीय मानक आहे, आयएस ८७५. त्याच्या दुसऱ्या भागात घरातल्या खोल्यांसाठी दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरलेला आहे. आपली टाकी तेवढ्याच जागेत चारपटीहून जास्त भार टाकते. म्हणून लगेच स्लॅब खाली येतो असं नाही, भार आजूबाजूला पसरतो. पण टाकी हॉलच्या मधोमध ठेवायची नाही, बीम असलेल्या भिंतीला लावून ठेवायची. आणि इमारत जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायचं. त्याची फी कस्टमरने द्यायची, पण सांगायची जबाबदारी आपली.

माझ्या हातून काय झालं

दुकानाचं दुसरं वर्ष होतं. एक काका आले, बँकेतून रिटायर झालेले. आयुष्यभराची हौस, घरात खाऱ्या पाण्याची मोठी टाकी हवी. माझ्यासाठी ती तोपर्यंतची सगळ्यात मोठी ऑर्डर. दुसऱ्या दुकानात जाऊ नयेत म्हणून मी पटकन बोलून गेलो, "काका, स्टँड माझ्याकडून फ्री!"

झालं. त्या क्षणापासून ते स्टँड माझ्या डोक्यात ‘खर्च’ झालं. काम नाही, खर्च.

आमचे सुतार मिस्त्री माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. त्यांनी विचारलं होतं, "शेठ, ७१० लावू का? पाण्याचं काम आहे."

७१० म्हणजे आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय. तीन शीटमागे फरक होता सुमारे चार हजारांचा. मी म्हटलं, "मिस्त्री, फ्री द्यायचंय हो. साधा कमर्शिअल लावा, वरून सनमायका मारा. आत कोण बघतंय?"

ते काही बोलले नाहीत. लावला.

चौदा महिने सगळं छान चाललं. पावसाळ्यात एक दिवस पहाटे पावणेसहाला काकांचा फोन. "अरे, टाकीतलं पाणी डाव्या बाजूला जास्त वर दिसतंय. आणि खाली फरशी ओली आहे."

पाणी कधी खोटं बोलत नाही मित्रांनो. पाण्याची पातळी एका बाजूला वर दिसते, याचा अर्थ टाकी त्या बाजूला खाली बसली आहे. मी जाऊन टेप लावला. दोन टोकांत आठ मिलिमीटरचा फरक. डावा कोपरा खचला होता, काचेला पीळ बसला होता आणि सिलिकॉनचा जोड झिरपायला लागला होता.

दार उघडलं तर आतला प्लाय फुगून पापडासारखा सुटलेला. कारण काय? लाईट गेली की पंप बंद पडतो, मग वरच्या टाकीतलं थोडं पाणी पाइपातून खाली सम्पमध्ये उतरतं. तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी ठेवावी लागते. मी ठेवली नव्हती. लाईट गेली की दर वेळी थोडं खारं पाणी तळाच्या प्लायवर सांडत होतं. प्लायच्या कडा सील केलेल्या नव्हत्या. त्यात वरचा तक्ता दोन बाजूंच्या फळ्यांमध्ये नुसत्या स्क्रूवर लटकवलेला, आणि स्क्रू गंजलेले.

त्या दिवशी आम्ही ५०० लिटर पाणी बादल्यांनी उपसलं. मासे ड्रममध्ये भरून दुकानात आणले. काही वाचले, काही गेले. काका एक शब्द ओरडले नाहीत. खुर्चीत बसून नुसते बघत होते. तेच जास्त लागलं.

नवी टाकी २८ हजार, नवं स्टँड २६ हजार, फरशीचं काम ९ हजार, माशांचे ६ हजार. एकूण ६९ हजार माझ्या खिशातून. वाचवले होते चार.

आणि खरी लाज पुढे आहे. काकांसमोर मी मिस्त्रींना म्हणालो, "तुम्ही काम नीट केलं नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हत्यारं पिशवीत भरली आणि निघून गेले. प्लायचं मला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं, म्हणूनच बोललो.

आठ दिवसांनी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. चहा दिला त्यांनी. म्हणाले, "शेठ, माल तुमचा, नाव माझं खराब होतं." आणि मग पुढच्या स्टँडचं चित्र खडूने फरशीवर काढून दाखवलं.

फरशीवरच्या त्या चित्रात काय होतं

आजही आम्ही तसंच स्टँड बनवतो. तुम्ही फर्निचरचं काम करत असाल तर हे वहीत लिहून घ्या.

एक, वजन लाकडावरून लाकडावर उतरलं पाहिजे. टाकीची कड वरच्या चौकटीवर, चौकट पायांच्या डोक्यावर, पाय खालच्या चौकटीवर. स्क्रूचं काम फक्त धरून ठेवायचं, भार पेलायचं नाही. पाच फुटांच्या गाळ्यात मध्ये पुढे-मागे एकेक पाय हवाच.

दोन, पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना प्लाय ग्लू आणि स्क्रू लावून पक्का करायचा. नुसते पाय कितीही जाड असले तरी धक्का लागला की चौकट डुलते. ती डुलू नये म्हणून हा प्लाय. पाइप आणि हवेसाठी त्यात भोकं ठेवायची, नाहीतर आत दमट हवा कोंडते.

तीन, प्लाय आयएस ७१०. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड नको, पाणी लागलं की फुगतात. प्रत्येक कापलेली कड आणि प्रत्येक भोक आतून सील करायचं. आतल्या तळाला इपॉक्सी. स्क्रू आणि बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या, कारण मिठाची खार सगळीकडे चढते. लाकडाला वाळवीचं औषध आधीच.

चार, सम्पचं माप हातात आल्याशिवाय करवत चालवायची नाही. मधला पाय आला की दाराची जागा कमी होते. सम्प आत गेला पाहिजे आणि उद्या साफ करायला बाहेरही आला पाहिजे.

पाच, लेव्हल. स्टँड जागेवर ठेवून आधी लेव्हल करायचं. पाचर द्यायची ती स्टँडच्या खाली, टाकी आणि स्टँडच्या मध्ये कधीच नाही. खालून फ्रेम नसलेल्या काचेच्या टाकीखाली फोम किंवा थर्माकोलची शीट. मग साधं पाणी भरून दोन दिवस ठेवायचं आणि चारही कोपऱ्यांत पातळी टेपने मोजायची. मीठ आणि मासे त्यानंतर. लाईट मुद्दाम बंद करून सम्प किती भरतो, तेही तेव्हाच बघायचं.

४६ हजारांचा हिशोब

हे माझ्या वहीतले आकडे आहेत, आमच्या भागातल्या भावाने. तुमच्याकडे वेगळे येतील.

प्लाय तीन शीट १२,५००. चौकटीचं सागवान ७,५००. मिस्त्री आणि मदतनीस तीन दिवस ६,०००. स्क्रू, बिजागऱ्या, ग्लू ३,०००. इपॉक्सी आणि पॉलिश ४,५००. टेम्पो आणि चढवणावळ २,०००. एकूण ३५,५००. वर राहतात १०,५००, म्हणजे विक्रीच्या सुमारे २३ टक्के.

बीबीएला मार्जिनचं गणित मी चांगल्या मार्कांनी सोडवलं होतं. पण मार्जिन म्हणजे फक्त नफा नाही, हे बादल्या उपसताना कळलं. या साडेदहा हजारांत माझ्या साइटवरच्या दोन फेऱ्या आहेत, वर्षभराने करायची एक तपासणी आहे, आणि काही चुकलं तर दुरुस्त करायची ताकद आहे. ‘फ्री’ दिलेल्या स्टँडमध्ये यातलं काहीच नसतं.

"पण कस्टमर दुसरीकडे गेला तर?"

जाईल. माझेही गेलेत, अजूनही जातात. पण भाव सांगताना मी आता दोन ओळी करतो. टाकी वेगळी, स्टँड वेगळं. स्टँडच्या ओळीखाली एकूण वजन लिहितो. नऊशे किलो हा आकडा वाचला की बरेच लोक स्वतःच विचारतात, "मग स्टँड चांगलंच लागेल ना?" तुम्हाला वेगळं विकावं लागत नाही.

आणि कोणी म्हणालं, "प्लाय साधा लावा, रिस्क माझी," तर मी हात जोडतो. रिस्क त्याची नसते. पहाटेचा फोन आपल्यालाच येतो.

अशीच नकाराची दुसरी जागाही सांगून ठेवतो. रीफ म्हटलं की प्रवाळ आलं. रीफ बांधणारे कठीण प्रवाळ आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. "समुद्रातून काढून आणून देतो" म्हणणारे भेटतील. घेऊ नका, विकू नका. मी दगडही सिरॅमिकचे देतो. दोन पैसे कमी मिळाले तरी झोप लागते.

आणि तुम्ही स्वतः सुतारकाम करत असाल तर माझ्यासारख्या दुकानदाराने साधा माल लावायला सांगितल्यावर गप्प बसू नका. वापरलेल्या मालाचा ग्रेड बिलावर लिहा. हत्यारांसाठी, भांडवलासाठी पीएम विश्वकर्मा योजना बघा. २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. पात्र असाल तर पहिल्यांदा एक लाखापर्यंत आणि नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने मिळतं.

आजचं काम

तुमचा धंदा टाक्यांचा नसेल. केकचा असेल, शिवणकामाचा असेल, सोलरचा असेल. एक कागद घ्या आणि लिहा, तुमच्या मालात ‘स्टँड’ कोणतं? कस्टमरला दिसत नाही, पण ज्यावर सगळं उभं आहे ते. केकवाल्या ताईंसाठी तो डबा आणि डिलिव्हरी असेल. सोलरवाल्यांसाठी गच्चीवरचं स्ट्रक्चर. मग बघा, त्याचे पैसे तुम्ही घेताय का? घेत नसाल तर पुढच्या बिलात त्याची वेगळी ओळ टाका.

काकांची दुसरी टाकी अजून चालू आहे. दरवर्षी पावसाळ्याआधी मी आणि मिस्त्री दोघे जातो, चारही कोपरे मोजतो. काका चहा ठेवतात आणि टेप स्वतः धरतात, आमच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, त्यांनाही आता ती सवय लागलीये.

पुढच्या व्हिडिओत बघू, साइटवर जाऊन माप घेताना कस्टमरला कोणते सात प्रश्न विचारायचे. तोपर्यंत कागदावरचं काम करून ठेवा. भेटूया!