धुक्याचे दिवे आणि कारागिराची जबाबदारी

मालेगाव म्हटले की बहुतेकांना नाशिक जिल्ह्यातील यंत्रमागांचे शहर आठवते. आम्ही बोलत आहोत ते वाशीम जिल्ह्यातील मालेगाव. येथे माग नाहीत, पण रस्ते आहेत. नागपूर-मुंबई हा जुना मार्ग आणि अकोल्याहून वाशीम-हिंगोलीकडे जाणारा मार्ग यांचे येथे येणे-जाणे आहे. म्हणूनच गॅरेज, टायर, बॅटरी आणि वायरिंगच्या कामावर येथील अनेक घरांची चूल पेटते. या धंद्यात आपल्या बांधवांचे हात मोठ्या संख्येने आहेत.

हिवाळा लागला की या दुकानांत एक काम वाढते. पहाटे हिंगोलीच्या हळद बाजारासाठी किंवा अकोल्याला निघणारा व्यापारी वाटेत एकदा धुक्यात सापडला की दुसऱ्या दिवशी येऊन म्हणतो, "उस्ताद, फॉग लाइट लावून द्या." मागणी रास्त आहे. धुक्यात मोठा दिवा लावला तर पाण्याच्या कणांवर आदळून उजेड आपल्याच डोळ्यांवर येतो. खाली बसवलेला, रुंद आणि आडवा उजेड टाकणारा दिवा रस्त्याची कड दाखवतो. प्रश्न दिव्याचा नाही, तो बसवण्याच्या पद्धतीचा आहे.

आजच्या लहान गाड्यांचे बोनेट उघडून पाहा. बॅटरी, एअर फिल्टर, फ्यूजचा डबा, एसीचे पाइप यांच्या दाटीत हात शिरत नाही. मग घाईचा मार्ग निघतो. हेडलाइटची वायर सोलायची, तीवर नवी वायर पिळायची, टेप गुंडाळायची आणि इंजिनवरून सरळ ओढून न्यायची. अर्ध्या तासात काम होते, दिवे लागतात, ग्राहक खूश होतो.

आमच्याच गाडीत असे काम झाले होते. दोन महिन्यांनी रात्री जळका वास आला. बोनेट उघडले तर वायर सायलेन्सरच्या गरम नळीला टेकून वितळलेली होती आणि फ्यूज कोठेच नव्हता. गाडी वाचली, ती केवळ वास वेळेवर आला म्हणून.

हिशेब साधा आहे. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ते सुमारे ९ अँपिअर ओढतात. हा भार गाडीच्या मूळ स्विचवर आणि हेडलाइटच्या वायरवर टाकण्यासाठी नाही. त्यासाठी रिले हवा, म्हणजे स्विचवर नाममात्र प्रवाह राहतो आणि दिव्यांना बॅटरीतून वेगळ्या जाड वायरने वीज मिळते. १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. तो दिव्याजवळ लावला तर मधली सारी वायर उघड्यावरच राहते.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. नवी वायर जाळीदार पाइपात घालून कंपनीच्या वायरिंगच्या वाटेनेच न्यावी आणि पट्टा, गरम नळी व रेडिएटरचा पंखा यांपासून दूर बांधावी. अनेक गाड्यांत हा पंखा चावी बंद असतानाही अचानक फिरू लागतो, हे शागिर्दाला आधी सांगावे. पत्र्यातून वायर आत नेताना रबरी ग्रोमेट घालावा, नाहीतर पत्र्याची धार महिन्याभरात वायर कापते. जागा नसेल तर बंपर उतरवावा. ५५ वॅटच्या जागी १०० वॅटचा बल्ब घालू नये, त्याने दिवा वितळतो आणि समोरच्या चालकाचे डोळे दिपतात.

नव्या गाड्यांत दिव्यांचा कारभार संगणक पाहतो. तेथे मूळ वायर सोलली तर बिघाड होतो आणि कंपनी वॉरंटी नाकारू शकते. आग लागल्यास विमा कंपनीही बाहेरून जोडलेल्या वायरिंगकडे बोट दाखवेल. जबाबदारी फिरून त्याच कारागिराच्या दारात येते.

हे सारे आमच्या कारागिरांना माहीत नाही असे नाही. अडचण दराची आहे. नीट कामाला दोन-तीन तास लागतात आणि ग्राहक शेजारच्या दुकानाचा अर्ध्या तासाचा भाव सांगतो. येथे व्यापारी बांधवांनीही स्वतःला विचारावे. लाखोंच्या गाडीत आणि घरच्यांच्या जिवात रिले-फ्यूजचा थोडासा खर्च वाचवणे हा कोणता नफा? त्यांनी भावाआधी "फ्यूज कुठे बसवला?" हे विचारावे.

आणि कारागिरांनी एकमेकांचे भाव पाडणे थांबवावे. गावातील दुकानदारांनी एकत्र बसून ठरवावे की रिले आणि फ्यूज यांशिवाय दिवे कोणीच बसवणार नाही. बिलावर काय बसवले ते लिहून द्यावे.

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी तो मुंबईच्या दिशेने पूर्ण झाला. लांबची वाहतूक गावाबाहेरून जाऊ लागली. अशा वेळी वाट वाकडी करून ग्राहक आपल्या दुकानी येईल तो स्वस्ताईसाठी नव्हे, भरवशासाठी. दुसऱ्याची गाडी ही आपल्या हातातील अमानत आहे. बोनेट बंद झाल्यावर आपले काम कोणाला दिसत नाही, म्हणूनच ते चोख असले पाहिजे.