गुळाला पाणी कां सुटतें ?

श्रावणांत डब्यांतील गुळाला पाणी सुटलें कीं घरांतील वडीलधारी मंडळी हवेला बोल लावितात. हवेचा दोष आहेच. पण मूळ दोष बहुधा गुऱ्हाळांत घडलेला असतो. तो कसा घडतो हें समजण्यास जें गणित लागतें, तेंच आपल्या घरचे कॉलेजकुमार दुसऱ्या सत्राच्या परीक्षेसाठीं डोळे मिटून घोकीत असतात. 'वेग म्हणजे स्थिरांक गुणिले संहति' असें ते खडाखडा म्हणतात. हा वेग कशाचा, असें आम्ही विचारलें म्हणजे मात्र आढ्याकडे पाहूं लागतात. शब्दरूपावली पाठ असून श्लोकाचा अन्वय न लागावा, त्यांतलाच हा प्रकार !

शाहू छत्रपतींनीं १८९५ सालीं ज्याच्या व्यापारासाठीं शाहूपुरी वसविली, तो गूळच आपण उदाहरणास घेऊं. उसाच्या रसांतील साखर आम्लाच्या सान्निध्यांत पाण्याशीं संयोग पावून फुटते, व तिची द्राक्षशर्करा आणि फलशर्करा होते. हें मिश्रण सहजीं गोठत नाहीं, आणि फलशर्करा तर हवेंतील ओल ओढून घेते. ज्या गुळांत यांचें प्रमाण फार, तो मऊ राहतो आणि पावसाळ्यांत पाझरतो.

हें फुटणें १८५० सालीं विल्हेल्मी नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें मोजलें. साखरेचें द्रावण ध्रुवित प्रकाशाचें प्रतल उजवीकडे वळवितें, फुटलेल्या साखरेचें डावीकडे. तें वळण पाहूनच शिल्लक साखर कळते. त्यास आढळलें कीं, फुटण्याचा वेग त्या त्या क्षणीं शिल्लक असलेल्या साखरेच्या प्रमाणांत असतो. मुलें घोकतात तें समीकरण हेंच. त्यांतून निघणारी एक गोष्ट मोठी मौजेची आहे. परिस्थिति तीच असेल तर अर्धी साखर फुटण्याचा काळ ०·६९३ भागिले स्थिरांक इतकाच. आरंभीं साखर किती होती याशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं!

मग गुळव्यानें करावें काय ? स्थिरांक लहान करावा. तो उष्णतेनें वाढतो, दर दहा अंशांस दुपटीहून अधिक. आऱ्हेनियसनें १८८९ सालीं आपलें सूत्र मांडलें तेंही याच साखरेच्या आधारें. पण काहील सुमारें ११८ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवावीच लागते, तेथें तडजोड नाहीं. म्हणून आम्ल मारावयाचें. ताज्या रसाचा पी-एच पांचाच्या किंचित् वर असतो. चुन्याची निवळी घालून तो सहाच्या पुढें नेतात. सोरेन्सेननें १९०९ सालीं ही मोजणी घातांकावर बसविली, त्यामुळें एक अंक चढला म्हणजे आम्लता दहावा हिस्सा उरते, आणि आम्लामुळें होणारें फुटणेंही त्याच मानानें मंदावतें. चुना अधिक पडला तर मात्र गूळ काळवंडतो. जाणत्या गुळव्यानें लॉगचें कोष्टक पाहिलेलें नसतें, पण हात त्याचा आवरता असतो. तोडलेला ऊस दोनचार दिवस पडून राहिला, तर फुटण्यास आधींच आरंभ होतो. तेथें चुना उशिरा पोंचतो.

पिवळाधमक दिसावा म्हणून कांहीं ठिकाणीं रसांत हायड्रॉस टाकतात. त्यानें रंगद्रव्याचें क्षपण होऊन रंग तेवढा उडतो. फुटलेली साखर कांहीं पुन्हां जुळत नाहीं, आणि ठेवणींत रंगही परत गडद होतो. आमच्या मतें गृहिणींनीं रंगावर भुलूं नये. ढेप फोडून आंतली कणी पाहावी, नख रोवून पाहावें. घरांत परीक्षार्थी असल्यास त्यास पिशवी धरावयास बरोबर न्यावें, आणि स्थिरांक तेथेंच विचारावा.