मोठी मोटार दिली, लहान घेतली

दाजीबानपेठेत एखाद्याने घर विकले तर त्याची चर्चा आठवडाभर चालते. मोटार बदलली तर मात्र ती महिना महिना संपत नाही. घर विकण्यामागे काही अडचण असेल, असे समजून माणसे गप्प बसतात. मोटारीच्या बाबतीत असा संकोच कोणी बाळगीत नाही. गेल्या वर्षी-दोन वर्षांत मला रस्त्यात अडवून ज्यांनी प्रश्न विचारले त्यांत कापडवाले होते, सराफ होते, तुळजाभवानीच्या देवळातून बाहेर पडणाऱ्या वृद्ध स्त्रिया होत्या, आणि दुर्गदबैलावर गिरमिट विकणारा पोरगाही होता. "काका, दोड्ड गाडी एल्लि री?" मोठी गाडी कोठे गेली, हा त्याचा प्रश्न. त्याला मी कानडीत उत्तर दिले. येथे मराठीत जरा सविस्तर देतो, कारण कोल्हापूरकडच्या आमच्या आप्तांनीही हाच प्रश्न पत्रांतून आणि फोनवरून पुष्कळदा विचारला आहे.

आमची जुनी मोटार म्हणजे टाटांची सफारी, २००९ सालची, डिझेलवर चालणारी आणि चारही चाकांना जोर देणारी. लांबी साडेचार मीटरांहून अधिक, वजन दोन टनांच्या आसपास. मधल्या बाकावर तिघे, पुढे दोघे, आणि मागे समोरासमोर तोंड करून बसायच्या दोन आडव्या जागा, त्या मुलांच्या. ती मी आणि माझ्या थोरल्या भावाने मिळून घेतली. निमित्त कुंदगोळच्या शेताचे. जुन्या वाचकांना कुंदगोळ म्हटले की सवाई गंधर्व आठवतील, आणि त्याहून जुन्यांना हे गाव एके काळी जमखंडी संस्थानात होते हेही आठवेल. आम्हांला मात्र आठवते ती तिथली काळी जमीन. इकडे तिला 'एरी' म्हणतात. उन्हाळ्यात हात शिरेल एवढ्या भेगा, आणि मृगाचे दोन पाऊस झाले की लोण्यासारखी मऊ व डिंकासारखी चिकट. बैलगाडीचे चाक तीत एकदा बसले म्हणजे चार माणसे लावावी लागतात. साधी मोटार अशा वाटेवर जागच्या जागी चाके फिरवीत बसते, कारण तिची फक्त दोन चाके ओढतात आणि तीच नेमकी घसरतात. सफारीत पुढे एक वाटोळी कळ होती. ती फिरवली की इंजिनाचा जोर पुढच्या चाकांनाही मिळे आणि गाडी कुरकुरत का होईना, बाहेर येई.

ही कळ आमच्या घराच्या अभिमानाचा विषय होती. पाहुणा आला की भाऊ त्याला ती दाखवी. मला तेव्हाही वाटे, की पाहुण्याला कळ दाखवण्यासाठी शेतापर्यंत न्यावे लागते, पेठेत तिचा काहीच उपयोग नाही. उपयोग नाही एवढेच नव्हे, कोरड्या डांबरी रस्त्यावर ती फिरवणे गाडीलाच अपायकारक. वळण घेताना पुढची चाके मोठ्या वर्तुळातून जातात, मागची लहान. दोन्ही जोड्या एकत्र बांधल्या की कोणीतरी घसरले पाहिजे. चिखलात ती सुखाने घसरतात, डांबरावर घसरता येत नाही म्हणून सगळा ताण आतल्या दातेरी चाकांवर येतो. हे त्या गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकातच दिले होते. आमच्या पेठेतील मोठ्या गाड्यांच्या किती मालकांनी आपले पुस्तक उघडले असेल, याविषयी मला शंका आहे.

पंधरा वर्षांत ती कळ किती वेळा फिरवली, हे मी विक्रीच्या आदल्या रात्री आठवून पाहिले. अकरा वेळा. त्यांतल्या तीन वेळा केवळ दाखवण्यासाठी.

आता हिशेबाकडे येतो, कारण जुन्या घराण्यांतही हल्ली हिशेब विचारतात. पंधरा वर्षे झाली की खाजगी मोटारीची नोंदणी संपते. पुढील पाच वर्षांसाठी ती नव्याने करून घ्यावी लागते, आणि १ एप्रिल २०२२ पासून ह्या कामाचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले. पैसा हे खरे कारण नव्हते, पण नोंदणीच्या कागदाने विचार करायला लावले, हे खरे. गाडी शहरात लिटरला नऊ किलोमीटर देई. शेतावर आम्ही आठवड्याला जात होतो ते महिन्यावर आले, आणि भावाच्या पश्चात शेत वाट्याने लावून दिले तेव्हापासून वर्षातून दोनदा. पुतणे बेंगळुरूत, माझा मुलगा पुण्यात. सात जागांच्या मोटारीत आम्ही दोघे म्हातारे पुढे बसून भाजी आणायला जात होतो, आणि मागच्या पाच जागा रिकाम्या खडखडत होत्या.

आणि भाजी आणायला जाणेही सोपे नव्हते. आमच्या पेठेच्या गल्ल्या ज्यांनी आखल्या त्यांच्या डोळ्यांसमोर फार तर टांगा होता. सफारी गल्लीच्या तोंडाशी आली की समोरच्या दुकानदाराने पाट्या आत घ्यायच्या, दोन स्कूटरी सरकवायच्या आणि कोणीतरी मागे उभे राहून "या, या, या, बस्स!" असे ओरडायचे. पंधरा वर्षे शेजाऱ्यांनी हे निमूटपणे केले. त्यांनी कधी तक्रार केली नाही, ह्याचा अर्थ त्यांना त्रास होत नव्हता, असा मी घेत आलो. मोठी मोटार बाळगणाऱ्या माणसाचा हा एक ठराविक भ्रम असतो.

म्हणून २०२४ च्या पावसाळ्यात मी ती दिली आणि लहान घेतली. लहान म्हणजे किती? चार मीटरांना एक सेंटिमीटर कमी. ह्या चार मीटरांची गंमत अशी, की ती मर्यादा रस्त्याने ठरवलेली नसून सरकारच्या करखात्याने ठरवलेली आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान मोटार म्हणजे चार मीटरांच्या आत आणि पेट्रोलचे इंजिन बाराशे घनसेंटिमीटरपर्यंत, अशी व्याख्या झाली व तिच्यावरचा कर उतरवला गेला. तेव्हापासून आपल्या कारखानदारांचे कौशल्य शेवटचे दोन बोटे कापण्यात खर्च होत आहे. मी थोडा थांबलो असतो तर बरे झाले असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा कर अठरा टक्के झाला; मी भरला तो एकोणतीस. पण नफ्याच्या वेळी घाई आणि तोट्याच्या वेळी विलंब, हे आमच्या घराण्याचे धोरण जुने आहे.

लहान घेतली हे लोकांनी क्षमा केले असते. क्षमा झाली नाही ती ती कोणती घेतली ह्याला. टाटांचीच अल्ट्रोझ, पण तिचा 'रेसर' नावाचा अवतार. त्याच वर्षी जूनमध्ये बाजारात आलेला. रंग नारिंगी, बॉनेट काळे, त्यावरून छतापर्यंत गेलेले दोन पांढरे पट्टे. इंजिन बाराशेच्या आतले, पण त्यात हवा दाबून भरण्याची सोय असल्यामुळे शक्ती एकशेवीस घोड्यांची. अडुसष्ट वर्षांच्या माणसाने पट्ट्यांची मोटार घेतली, हे ऐकून माझ्या धाकट्या बहिणीने कोल्हापुराहून फोन केला आणि माझी प्रकृती विचारली.

तिला मी जे सांगितले ते येथेही सांगतो. मोठेपणा आणि मौज ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे त्यांची गल्लत फार जुनी आहे. तिचे मूळ मला संस्थानी काळात दिसते. विजयादशमीला दसरा चौकात राजाराममहाराजांची मेबॅक येते, तेव्हा गर्दीतल्या प्रत्येकाला क्षणभर वाटते की मोटार असावी तर अशी. वाटावेच. पण त्या मोटारीचा दिवस सीमोल्लंघनाचा. तीच महाद्वार रोडवर रोज कोथिंबिरीसाठी उभी राहिली असती तर कोल्हापूरकरांनीच तिला नावे ठेवली असती. आम्ही मध्यमवर्गीयांनी मात्र दसऱ्याची मोटार तीनशे पासष्ट दिवस दारात ठेवायचे मनावर घेतले आहे. २०२४-२५ सालात देशात विकल्या गेलेल्या दर शंभर प्रवासी मोटारींपैकी पासष्ट ह्या उंच, दणकट दिसणाऱ्या जातीच्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेकांना चारही चाकांचा जोर नाहीच. म्हणजे चिखलात त्याही तितक्याच फसणार. पैलवानाचा फेटा बांधला, तालीम केलीच नाही, असा हा प्रकार.

गंमत लहानात असते हे मी म्हणत नाही. ते साऱ्या जगाने पाहिलेले आहे. १९५६ च्या सुएझच्या पेचप्रसंगात इंग्लंडला पेट्रोल मिळेनासे झाले, त्यातून ॲलेक इसिगोनिसने दहा फुटांची मिनी काढली. १९५९ साली ती रस्त्यावर आली, आणि १९६४, १९६५ व १९६७ अशी तीन वर्षे तिने माँटे कार्लोची शर्यत जिंकली. तिच्यापुढे मोठ्या मोटारी होत्या, त्यांच्यात शक्तीही अधिक होती. पण वळणावर वजन कामाला येत नाही, उलट आड येते. चारही चाकांना जोर दिल्याने गाडी निघायला मदत होते; थांबायला नाही. थांबताना प्रत्येक मोटारीची चारही चाके थांबतात, आणि मग दोन टनांपेक्षा सव्वा टन आवरणे सोपे. धारवाडच्या रस्त्याने जाताना ही लहान गाडी ज्या तत्परतेने वळते आणि थांबते ते पाहून पंधरा वर्षे मी मोटार चालवीत नव्हतो, हाकीत होतो, असे मला वाटले.

सुरक्षिततेचा मुद्दा माझ्या पुतण्याने काढला. तो मी टाळणार नाही. जड गाडीची आणि हलक्या गाडीची टक्कर झाली तर हलकीतल्या माणसाला अधिक लागते, हा पदार्थविज्ञानाचा नियम. अल्ट्रोझला २०२० साली धडकेच्या चाचणीत पाच तारे मिळाले म्हणून तो नियम रद्द होत नाही. पण टक्कर नेहमी दोन मोटारींचीच होते काय? अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेच्या विमासंस्थेने २०२३ साली पाहणी केली, तीत ज्या वाहनांचे बॉनेट चाळीस इंचांहून उंच, त्यांची धडक पादचाऱ्याचा जीव घेण्याचा संभव, तीस इंचांच्या आतील उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे पंचेचाळीस टक्क्यांनी अधिक आढळला. आमच्या पेठेत रस्त्यावर मोटारी थोड्या आणि माणसे फार. शाळा सुटली की सफारीच्या बॉनेटपुढून जाणाऱ्या पहिली-दुसरीतल्या पोराचे मला केसही दिसत नसत. माझ्या सुरक्षिततेची किंमत त्या पोराने द्यावी, हे मला पटत नाही. पुतण्याला ते पटले नाही. त्याची स्वतःची गाडी उंच आहे.

इतके सगळे पटण्याजोगे असताना ह्या व्यवहाराने मला सुख दिले काय? दिले, पण निर्भेळ नाही, आणि ते लपवले तर हा लेख वकिली ठरेल.

सौदा ठरला त्या संध्याकाळी वहिनींना सांगायला मागच्या घरात गेलो. त्या सत्तरी ओलांडलेल्या. सफारीत चढायला त्यांना गेली काही वर्षे पाटाची पायरी ठेवावी लागे आणि दोघांनी धरावे लागे. लहान गाडीत बसणे त्यांना सोपे जाईल, असे मी सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "भावजी, सोपे होईल ते खरे. पण आता सगळे आले की मी कुणाच्या गाडीत बसायचे?"

ह्याला मजजवळ उत्तर नव्हते. सफारीत त्यांची जागा ठरलेली होती: मधला बाक, डावी खिडकी. सौंदत्तीच्या यल्लम्माला, पंढरपूरला, बनशंकरीला आम्ही त्यात बसून गेलो. एकदा मध्यरात्री शेजारच्या सुनेला कळा लागल्या तेव्हा तिला, तिच्या सासूला, नवऱ्याला आणि वहिनींना घेऊन भाऊ हॉस्पिटलात गेला. चार माणसे आणि एक वळकटी, तरी जागा उरली. ती गाडी म्हणजे 'चला, तुम्हीही चला' असे म्हणण्याची सोय होती. लहान गाडीत हे म्हणताना मनात मोजावे लागते. मोजून केलेले आमंत्रण ज्याला कळायचे त्याला कळते.

परंतु खरे सांगायचे तर मोजणे आम्ही मोटार बदलण्याआधीच सुरू केले होते. मुले आपापल्या गावी गेली, भाऊ गेला, शेताची वाट बंद झाली. रिकाम्या जागा दारात उभ्या करून एकत्र कुटुंब टिकत नाही. मी तीन वर्षे तसे करून पाहिले. दर दिवाळीला सगळे मावतील अशी गाडी आपल्याकडे आहे, ह्या समाधानात कोणाला निक्षून बोलावलेच नाही. गेल्या दिवाळीला मात्र मी भाद्रपदातच फोन केले, कारण एका गाडीत भागणार नाही हे ठाऊक होते. सातजण जमलो. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी कुंदगोळला दोन फेऱ्या केल्या. दुसऱ्या फेरीत वहिनी पुढच्या जागेवर होत्या. पंधरा वर्षांत पुढे बसण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. मोकळ्या रस्त्यावर मी गाडी थोडी पळवली तेव्हा त्यांनी दाराची मूठ घट्ट धरली आणि "हळू हो!" म्हणाल्या, मग दोन मिनिटांनी, "तेवढेच परत करता येईल का?"

सफारी कलघटगीकडच्या एका शेतकऱ्याने घेतली आहे. तिची नोंदणी त्याने नव्याने करून घेतली. मागच्या महिन्यात तो बाजाराच्या दिवशी दुर्गदबैलाजवळ दिसला. मागच्या आडव्या जागा काढून टाकून त्याने तेथे खताची पोती रचली होती, आणि चाकांना मडगार्डपर्यंत लाल चिखल लागलेला होता. मी विचारले, ती कळ चालते ना? तो म्हणाला, रोज लागते.