पहिली बातमी तिची



दसरा होऊन गेला होता. पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीवरची बैठक आटोपून मी उतरत होते. एक सून पायवाटेपर्यंत सोबत आली आणि हळूच म्हणाली, "ताई, महाडला जाताय ना? मेडिकलमधनं ती तपासायची पट्टी आणाल? आशाताईकडं मागितली तर घरात कळंल." आशाताई तिची चुलत जाऊ. नवरा मुंबईला, गणपतीला येऊन गेलेला. धाकटं पोर अंगावर पिणारं. बाळंतपणानंतर पाळीच आलेली नाही, मग चुकली हे कळणार कसं?

महाडच्या दुकानात "कोणासाठी?" असा प्रश्न आला. एम.एस.डब्ल्यू. झालेली, सभांतून बोलणारी मी, पण माझाही आवाज खाली गेला. पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून मिळाली. ती वाडीवर पोचवायला चार दिवस लागले.

हे चार दिवस मला सलतात. कायदा आठवडे मोजतो ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पाळी चुकते तेव्हाच चार आठवडे सरलेले असतात. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंतच करता येतो. उरतात पाच. त्यात एस.टी., मजुरी, पोरं आणि घरातली परवानगी!

म्हणून पट्टीची माहिती प्रत्येकीला हवी. गर्भ रुजला की एचसीजी नावाचे संप्रेरक लघवीत उतरते. पट्टी तेवढेच ओळखते. मुलगा की मुलगी हे ती सांगत नाही. महागडी पट्टीच खरी असे नाही. स्वस्त पट्टीही हेच संप्रेरक ओळखते. पाकीट बंद आहे ना आणि मुदत संपलेली नाही ना, एवढे पाहावे. आपल्याकडच्या पावसात पट्टी ओलीपासून जपावी आणि पाकीट आयत्या वेळीच फोडावे. पाळी चुकल्यावर, किंवा पाळीच येत नसेल तर संबंधानंतर तीन आठवड्यांनी, सकाळची पहिली लघवी घ्यावी. पाकिटावर सांगितले असतील तेवढेच थेंब टाकून पाच मिनिटे थांबावे. 'सी'पाशी एकच रेघ म्हणजे नाही. 'टी'पाशी दुसरी, अगदी फिकट आली तरी, दिवस गेलेत. 'सी'ची रेघच नाही तर पट्टी वाया. 'नाही' आले आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासावे. ओटीपोटात एका बाजूला जोराचे दुखत असेल, रक्त जात असेल, चक्कर येत असेल, तर थेट दवाखाना गाठावा. गर्भ नळीत असू शकतो.

सरकारची 'निश्चय' पट्टी आशाताईंकडे फुकट मिळते. ही सोय मोलाची आहे. पण यंत्रणेच्या लेखी दुसरी रेघ म्हणजे गरोदर मातेची नोंदणी. बाईच्या लेखी तो आधी एक प्रश्न असतो: हवं की नको? हवं असेल तर लवकर नोंदणी आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या तिच्या भल्याच्या आहेत. नको असेल तर १९७१ चा कायदा आणि त्यातली २०२१ ची दुरुस्ती तिच्या बाजूने बरेच काही सांगते. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. अठरा वर्षांवरील बाईला फक्त स्वतःची संमती लागते, नवऱ्याची सही नाही. गर्भनिरोधक फसल्याचे कारण आता अविवाहितेलाही सांगता येते. तिचे नाव गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. शेवटचे मत मात्र अजूनही डॉक्टरचेच, हे विसरू नये. आणि दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेऊ नयेत.

आशाताईंना दोष देऊन भागणार नाही. त्याही कोणाच्या तरी सुना आहेत. म्हणून आपल्या गटांकडे एक मागणे. बचत गटाच्या पेटीत दोन-चार पट्ट्या असू द्या. नाव लिहू नका, कारण विचारू नका. वापरायची कशी ते बैठकीत सगळ्यांना एकदम दाखवा, म्हणजे एकटीला विचारावे लागणार नाही. वीटभट्टीवर निघालेल्या कातकरी बायांना निघण्यापूर्वीच द्या. तिकडे ओळखीची आशाताई नसते.

त्या सुनेच्या पट्टीवर दुसरी रेघ आली. पुढे काय करायचे ते तिने ठरवले. ते इथे लिहायचा अधिकार मला नाही. मला एवढेच म्हणायचे आहे: बातमी तिच्या पोटातली, ती पहिल्यांदा तिलाच कळली पाहिजे, आणि वेळेत.